रेडिएशननंतर पाण्याला ठसका नाही, तरी व्हिडिओफ्लुरोस्कोपी करायची का?

वाचोपचार_१: घशाचा कॅन्सर, केमो-रेडिएशन संपून ६ महिने झालेत. पाण्याचे ५ आणि १० मिलीचे घोट दिले. ठसका नाही, आवाजही ओला होत नाही. पण कोरडं खाणं अडकतं, जेवायला पाऊण तास लागतो आणि वजन उतरतंय. पुढे व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ) सांगू की नाकातून दुर्बीण घालून गिळणं बघायची तपासणी?

गिळणं_तपासनीस: ठसका नाही यावर अजिबात विसंबू नका. रेडिएशनने स्वरयंत्राची संवेदना बोथट होते आणि पाणी श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येत नाही. असं श्वासनलिकेत जाणं म्हणजे अ‍ॅस्पिरेशन. ते मोजायच्या आठ पायऱ्यांच्या पेनिट्रेशन-अ‍ॅस्पिरेशन स्केलवर सगळ्यात वाईट, म्हणजे ८ वी पायरी हीच आहे.

आधी तोंड नीट बघा. समोरच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजा. ३५ मिमी किंवा कमी भरलं तर जबडा आखडलाय. लाळ किती आहे, बुरशी आहे का, जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळते का, मुद्दाम खोकायला सांगितलं तर खोकला जोरकस येतो का, हे टिपा. छाती ठीक असेल आणि छोटे घोट जमले असतील तर १०० मिली पाणी सलग प्यायला द्या. घोट मोजा, वेळ लावा, दर घोटाला किती मिली ते काढा. ठसका लागला तर तिथेच थांबा आणि उरलेलं पाणी मोजा. हा आकडा पुढच्या भेटीत तुलनेला कामी येतो. पण त्यावरून अ‍ॅस्पिरेशन नाही असं लिहू नका.

तुमच्या रुग्णाला घन पदार्थ अडकतोय, म्हणून आधी व्हिडिओफ्लुरोस्कोपी. बाजूने बघून झालं की समोरूनही घ्या आणि घास अन्ननलिकेतून पोटापर्यंत जाऊ द्या. कॅमेरा मानेपाशीच थांबला की खालचं आकुंचन हमखास सुटतं.

कान_नाक_घसा: सहमत. दुर्बिणीत साचलेली लाळ, सूज आणि उरलेलं अन्न छान दिसतं, एक्स-रे लागत नसल्यामुळे अख्खं जेवण बघता येतं. मात्र ऐन गिळताना क्षणभर पडदा पांढरा होतो आणि अन्ननलिका दिसतच नाही. शिवाय रेडिएशनला बरेच महिने झाले असताना सूज वाढलेली दिसली, तर कॅन्सर परतलाय का ते आधी बघावं लागतं.

व्हिडिओफ्लुरोस्कोपीत बेरियम (एक्स-रेत दिसावं म्हणून घासात मिसळतात ते) गिळल्यावर कुठे उरतं तेही लिहा. जिभेच्या मुळाशी, म्हणजे व्हॅलेक्युलात उरलं तर बहुधा जीभ मागे पुरेशी सरकत नाही. पायरिफॉर्म सायनसमध्ये, म्हणजे स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींत उरलं तर स्वरयंत्र कमी उचललं जातंय किंवा अन्ननलिकेचं तोंड नीट उघडत नाही. हनुवटी खाली करून गिळणं, दोनदा गिळणं हे सगळं पडद्यावर बघतच करून घ्या. नाहीतर अहवालात फक्त 'अ‍ॅस्पिरेशन आहे' एवढंच उरतं, आणि उपचार कुठून सुरू करायचे ते कळत नाही.

आहारतज्ज्ञ: एक भर. अ‍ॅस्पिरेशन दिसलं की सगळं घट्ट करा, हा सल्ला या रुग्णांत अनेकदा उलटतो. घशाचे स्नायू कमजोर असतील तर घट्ट द्रव जास्त उरतो आणि नंतर आत उतरतो. घट्टपणा डोळ्यांनी ठरवू नका. १० मिलीच्या सिरिंजमध्ये १० मिली भरून १० सेकंद वाहू द्या; १ ते ४ मिली उरलं तर घट्टपणाच्या IDDSI या आंतरराष्ट्रीय मापनात पातळी १, ४ ते ८ उरलं तर पातळी २. सिरिंजवरची ० ते १० मिलीची पट्टी ६१.५ मिमी आहे ना, ते पाहून घ्या, दुसऱ्या सिरिंजने आकडे चुकतात. बेरियम मिसळल्यावर घट्टपणा बदलतो, म्हणून मिसळल्यानंतर मोजा.

ईएटी-१० (गिळण्याच्या त्रासाची, रुग्णाने स्वतः भरायची १० प्रश्नांची यादी) मध्ये ३ किंवा अधिक गुण म्हणजे अडचण आहे. पण मंडळी हळूहळू जुळवून घेतात आणि गुण कमी देतात. 'काय खाणं सोडलंत?' हा प्रश्न वेगळा विचारा.

वाचोपचार_१: आणि स्वरयंत्र काढून व्हॉइस प्रोस्थेसिस (बोलता यावं म्हणून श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधे बसवलेला छोटा व्हॉल्व्ह) असलेला रुग्ण खोकतो तेव्हा?

गिळणं_तपासनीस: तिथे श्वासाचा मार्ग वेगळा झालेला असतो, पहिला संशय गळतीचा. खाण्याचा रंग मिसळलेलं पाणी द्या आणि टॉर्चने स्टोमातून, म्हणजे मानेवरच्या श्वासाच्या छिद्रातून बघा. रंग व्हॉल्व्हच्या मधून आला तर आधी ब्रशने साफ करा, तरी गळला तर बदला. कडेने आला तर व्हॉल्व्हची लांबी आणि भोवतीची जागा तपासावी लागेल.