“ते खरे ख्रिस्ती नव्हते” हे उत्तर मी यापुढे देणार नाही

बेथेलचा पणतू, जालना

नाताळाच्या फराळाला शेजारचे काका आले होते. करंजी हातात धरूनच त्यांनी विचारलं, “तुमचं पुस्तक वैऱ्यावर प्रीती करा म्हणतं, मग गोव्यात ते सगळं कसं झालं?” मी झटक्यात म्हणालो, “ते खरे ख्रिस्ती नव्हते.” काका भले माणूस, विषय सोडून दिला. मला मात्र रात्रभर झोप नाही.

कारण ते उत्तर खोटं आहे. 1099 साली जेरुसलेम जिंकून मुसलमान आणि यहुद्यांची कत्तल करणाऱ्यांनी अंगावरच्या कापडावर क्रूस शिवला होता. कत्तल झाल्यावर ते ख्रिस्ताच्या कबरीवरच्या चर्चमध्ये जाऊन प्रार्थनेला उभे राहिले. गोव्यातलं पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय (इन्क्विझिशन), म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून शिक्षा देणारं न्यायालय, 1560 मध्ये सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. तिथे न्यायाला बसणारे धर्मगुरूच होते. आणि हे फक्त जुन्या काळाचं नाही. 1994 साली रवांडात बाप्तिस्मा झालेल्यांनी बाप्तिस्मा झालेल्यांना मारलं, तेही चर्चच्या आत. न्यांगे गावच्या चर्चमध्ये किमान दीड हजार माणसं आसऱ्याला आली होती, ते चर्च बुलडोझरने त्यांच्या अंगावर पाडलं. तिथल्याच पाद्र्याला, अथानास सेरोम्बाला, त्यातल्या सहभागाबद्दल रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2008 मध्ये जन्मठेप दिली.

हे सगळे माझीच प्रभूची प्रार्थना म्हणत होते. त्यांना आपल्यातून वगळलं की पश्चात्ताप करायला कोणी उरतच नाही. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी केलेल्या हिंसेबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. आम्ही कॅथलिक नाही, तरी मला ती क्षमायाचना माझी वाटते.

माझं म्हणणं एवढंच, की शिकवण निर्मळ आहे पण आपली मंडळी निर्मळ नव्हती, आणि हे आपण आपल्या तोंडाने म्हणावं.

अंत्रुजकर, छत्रपती संभाजीनगर

नोकरीमुळे तीस वर्षं इथे आहे, पण आमचं कुलदैवत मंगेशी. मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळीला. शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलून नदीपलीकडे फोंड्याकडे नेले, म्हणून आज मंगेशी आणि कवळ्याची देवळं तिथे आहेत. आमच्या घरात हे इतिहास म्हणून शिकवत नाहीत, घरातली गोष्ट म्हणून सांगतात. तुम्ही स्वतःहून गोव्याचं नाव घेतलंत, बरं वाटलं.

पण “शिकवण निर्मळ” हे मला मान्य नाही. बायबलमधल्या लूकच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीचा दाखला आहे, त्यात धनी चाकराला सांगतो की लोकांना आत यायला भाग पाड. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने हेच वाक्य पुढे करून वेगळ्या पंथाच्या ख्रिस्त्यांवर राज्यसत्तेची जबरदस्ती योग्य ठरवली. ऑगस्टीन म्हणजे कोणी गल्लीतला गुंड नव्हे. मत्तयाच्या 27 व्या अध्यायात येशूला क्रूसावर द्या म्हणणारा जमाव म्हणतो, याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. त्या एका ओळीने शेकडो वर्षं यहुद्यांचे जीव घेतले. कॅथलिक चर्चने येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुद्यांना देता येत नाही असं अधिकृतपणे म्हटलं ते 1965 मध्ये! आमचाच मार्ग खरा, बाकीचे नाशाकडे चाललेत, असं एकदा मनापासून मानलं की दुसऱ्याला ओढून आणणं हीच माया वाटू लागते. दोष तिथे आहे.

पाळकाची लेक, परभणी

दादा, दाखल्यातल्या धन्याचं वाक्य उचलायचं आणि येशूने स्वतः काय केलं ते सोडायचं, हा न्याय नाही. त्याच लूकमध्ये नववा अध्याय वाचा. यहुद्यांशी वैर असलेल्या शोमरोनी लोकांनी गावात घेतलं नाही म्हणून याकोब आणि योहान हे शिष्य विचारतात, आकाशातून अग्नी पाडून यांना जाळू का? येशू त्यांनाच धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. धर्माच्या नावाने गाव जाळायची परवानगी शिष्यांनी तोंडावर मागितली होती आणि ती नाकारली गेली. याहून स्पष्ट काय हवं? अटकेच्या रात्री पेत्राने तलवार चालवून महायाजकाच्या दासाचा कान कापला, तर येशूने तो कान बरा केला.

मी शांतता नाही तर तलवार आणायला आलो, हे वचन कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगते. मत्तयात तलवार आहे, पण लूकमध्ये तेच वचन ‘फूट’ या शब्दाने येतं. घरातला एक जण येशूच्या मागे जातो आणि घर दुभंगतं, तो त्याचा अर्थ. आमच्या पणजीने तो भोगलाय, बाप्तिस्म्यानंतर माहेरचा उंबरा तिला बंद झाला.

295 साली उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या 21 वर्षांच्या पोराने, मी ख्रिस्ती आहे, सैन्यात जाणार नाही, म्हणून मान कापून घेतली. पुढे चौथ्या शतकात रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन ख्रिस्त्यांच्या बाजूला आला आणि क्रूस सैन्याच्या निशाणाला लागला. बिघडलं ते तिथे. म्हणून पणतूदादांचंही मला पटत नाही. सेरोम्बाला मी आपला भाऊ म्हणणार नाही. त्याने मेंढरांवर बुलडोझर घातला.

अंत्रुजकर

ताई, कानाचा प्रसंग मला ठाऊक नव्हता, आज वाचून काढला. मनाला लागला. पण कान बरा करणाऱ्याचे अनुयायी दोनशे-अडीचशे वर्षं धर्मन्यायालय चालवतात आणि आतून कोणी ते थांबवू शकत नाही, तर त्या शिकवणीत स्वतःचा अनुयायी आवरायची ताकद कमी आहे असंच मी म्हणेन.

नामांतरवाला, नांदेड

मास्तर लोकहो, वचनं लई झाली. आपल्या पैठणात नाथ महाराज गोदावरीत आंघोळ करून येत आणि एक माणूस दरवेळी अंगावर थुंकत असे. नाथ पुन्हा जाऊन आंघोळ करत, रागावले नाहीत. ही गोष्ट मराठवाड्यात पोराटोरांना पाठ आहे. दुसरा गाल पुढे करणं म्हणजे दुसरं काय? अन् याच मराठवाड्यात 1978 च्या जुलैत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, तर दलितांची घरं जाळली. जाळणाऱ्यांच्या घरातही नाथांची गोष्ट सांगत असतील. मी तवा नववीत होतो. नाव लागायला 1994 चा जानेवारी उजाडला.

म्हणून अंत्रुजकर, शिकवणीत ताकद नाही हे एकट्या ख्रिस्त्यांना नका सांगू. अन् ताई, ‘तो आमचा नव्हे’ हे वाक्य आम्ही त्या वेळी सवर्ण मित्रांकडून फार ऐकलं. गावात कोणी जाळलंच नाही, सगळे बाहेरचे. मग जाळलं कोणी? एक अजून विचारतो, राग मानू नका. तुमच्यात सोयरीक जुळवताना मूळची जात विचारतात का नाही?

बेथेलचा पणतू

विचारतात. माझ्या बहिणीच्या वेळी आमच्याच वडिलांनी विचारली. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तिथे आलेली बहुतेक माणसं गावकुसाबाहेरची होती, आमचे पणजोबाही. त्यांना प्रीतीचा संदेश कळला तो कोणीतरी शेजारी बसून जेवलं म्हणून. आणि त्यांचाच नातू जात विचारतो.

ताई, तुमचा राग समजतो. 1999 मध्ये ओडिशात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं, तेव्हा ग्लॅडिस स्टेन्सनी मारेकऱ्यांना क्षमा केली, ते आपण अभिमानाने सांगतो. जिथे आपण जाळलेले असतो तिथली गोष्ट सांगायला सोपी आहे. जिथे जाळणारे आपले होते तिथली कधी सांगणार?

काकांकडे काल जाऊन आलो, उत्तर बदलून आलो. शुभ शुक्रवारी आपण क्रूसावरचे सात उद्गार वाचतो, पहिलाच आहे, “हे बापा, त्यांना क्षमा कर.” त्यानंतरच्या प्रार्थनेत गोवा आणि रवांडा नाव घेऊन म्हणावं असं मी पाळकसाहेबांना लिहून दिलंय. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचायतीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी आत्ताच नको म्हणून सांगितलंय.

पाळकाची लेक

वडिलांना विचारते. आमच्या मंडळीत रवांडा चालेल. गोव्यावर भांडण होणार, पण मी मांडते.