रडवणाऱ्या कार्टूनला मराठीत काय म्हणायचं?

खाडीकाठची :
आमच्या गावच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पडदा बांधून सिनेमा दाखवतो. फळा लिहायचं काम माझ्याकडे. गेल्या खेपेला 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' होता, ईसाओ ताकाहाताचा, १९८८चा. मी खडूने ठळक लिहिलं, 'जपानी कार्टून सिनेमा, संध्याकाळी साडेसहा'. झालं! आया पोरांना कडेवर घेऊन, कुरमुऱ्यांच्या पुड्या घेऊन हजर. आणि सिनेमा सुरूच होतो तो स्टेशनातल्या खांबाला टेकून मरणाऱ्या उपाशी मुलापासून. पुढे ती चिमुरडी मेलेल्या काजव्यांसाठी हाताने खड्डा खणते, तिथे पुढच्या रांगेतल्या एका चार वर्षांच्या मुलाने जो सूर लावला तो बाहेर नेईपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात कोळंबी निवडत होते, तर आमची नेहमीची मासेवाली म्हणाली, "माका रडवूक हाडलंस काय?"
आता मोठ्यांच्या आग्रहाखातर तोच पुन्हा लावायचाय. फळ्यावर 'कार्टून' नको. मग काय? व्यंगचित्रपट? अ‍ॅनिमेशनपट? सोपा शब्द सुचवा, फळा लहान आहे.

सड्यावरचा :
व्यंगचित्रपट अजिबात नको. व्यंग म्हटलं की टिंगल आली. युद्धात अनाथ झालेल्या भावाबहिणीची टिंगल करणार का?

निवृत्त मास्तर :
मुळात शब्द 'व्यंग्यचित्र' असा हवा. व्यंग म्हणजे वि + अंग, शरीरातला उणेपणा. 'मुलगी अव्यंग आहे' असं स्थळाच्या पत्रात लिहायचे ते हेच. व्यंग्य निराळा. तो व्यंजनेतून निघतो. सुचवलेला अर्थ, काव्यशास्त्रातला. एक य गळला आणि सूचक चित्राचं लुळंपांगळं चित्र झालं. नोकरीभर पोरांच्या वह्यांत हा य घालत आलो.

सड्यावरचा :
मास्तर, तुम्ही य घालत होता आणि पोरं घरी जाऊन वर्तमानपत्रात 'व्यंगचित्र'च वाचत होती. कोण जिंकलं?

निवृत्त मास्तर :
जिंकण्याहरण्याचा प्रश्न नाही. चूक शंभर जणांनी केली तरी चूकच.

पेटीवाला :
मी आंबा व्यापारी, भाषेचा पंडित नव्हे. पण एक गंमत सांगतो. कार्टून आणि आम्ही ज्यात हापूस भरतो तो पुठ्ठ्याचा कार्टन, दोघे सख्खे भाऊ. दोन्हींचं मूळ इटालियन कार्तोने, म्हणजे जाड कागद. भिंतीवर चित्र रंगवण्याआधी चित्रकार तेवढ्याच मापाचं कच्चं चित्र जाड कागदावर काढत, ते कार्टून. राफाएलने भिंतीवर टांगायच्या विणलेल्या पडद्यांसाठी काढलेली तसली कार्टूनं लंडनच्या संग्रहालयात अजून आहेत, सगळी बायबलातली, एकातही हसण्यासारखं काही नाही. पुढे १८४३ साली लंडनमध्ये पार्लमेंटच्या नव्या इमारतीतल्या भित्तिचित्रांसाठी अशाच कच्च्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. तेव्हा 'पंच' साप्ताहिकाने जॉन लीचचं एक चित्र 'कार्टून क्रमांक १' म्हणून छापलं. चित्रात काय, तर फाटक्या कपड्यातली भुकेली माणसं ते प्रदर्शन बघताहेत. लोकांना भाकरी हवी, सरकार चित्रं देतंय. म्हणजे या अर्थाचं पहिलंच कार्टून पोटात कालवाकालव करणारं. हसवणं नंतर चिकटलं. तेव्हा ताई, तुमचा फळा चुकला नव्हता, प्रेक्षक चुकले.

खाडीकाठची :
चार वर्षांच्या पोराला १८४३ कसं समजावू?

मुंबईत अडकलेली :
पण शब्द मुळात काय होता याने आज काय फरक पडतो? आमच्या मालवणात आजी शेजारच्या मुलाबद्दल म्हणायची, "त्येचो झील म्हणजे कार्टून आसा नुसतो." ध्यान, अवतार, अर्धवट, सगळं त्यात आलं. तिने आयुष्यात कार्टून पाहिलं नव्हतं. तिच्यापर्यंत शब्द पोचला तो असा. आता तो मागे नेता येत नाही.
आणि दूरदर्शनवरचं 'एक, अनेक और एकता' आठवतं का? १९७४चं, फिल्म्स डिव्हिजनचं, विजया मुळे यांचं. चिमण्या जाळ्यासकट उडतात ते. ना हसवणारं, ना रडवणारं. आम्ही त्याला 'चिडियावालं' म्हणायचो. कार्टून म्हणजे ज्यात कोणीतरी आपटतं, असा आमचा हिशोब होता. चिडियावालं त्यात बसत नव्हतं. म्हणजे मुलांनाही फरक कळतो, शब्द नसतो इतकंच.

सड्यावरचा :
हे फारच छान. मग 'आपटपट' आणि 'अश्रुपट'.

निवृत्त मास्तर :
थट्टा पुरे. रत्नागिरीत बसून शब्द कसे घडवावेत याचा आदर्श समोर आहे. सावरकर १९२४ ते १९३७ तिथे स्थानबद्ध होते. चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक हे शब्द त्यांच्या नावावर सांगतात. तेव्हाही लोक हसले होते. आज तुम्ही 'सिनेमा' म्हणता ते आळसाने. याच वळणावर 'रेखापट' करावा. रेषांचा पट. हसवणारा असो वा रडवणारा.

मुंबईत अडकलेली :
मास्तर, चित्रपट हा शब्द संस्कृतात आधीपासून आहे, रंगवलेलं कापड या अर्थाने. जुन्या शब्दाला नवं काम दिलं, म्हणून टिकला. रेखापट ऐकून आमच्याकडे हृदयाची तपासणी आठवेल, ती कागदाची पट्टी निघते ती.

कुडाळकर :
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. शब्द कशाला शोधताय, तो इथे घराच्या मागे पडलाय. कुडाळजवळ पिंगुळीला या. ठाकर समाजाची चित्रकथी. मागेपुढे चिकटवलेले जाड कागद, एका गोष्टीच्या सगळ्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. एक जण वीणा धरतो, एक हुडूक म्हणजे छोटं चर्मवाद्य, एक टाळ. गाणारा एकेक चित्र उभं धरतो आणि रामायण-महाभारत सांगत जातो. मी लहानपणी पाहिलंय. कंदिलाच्या उजेडात चित्र धरलेला हात थोडा थरथरायचा, तर वाटायचं बाण सुटलाच. आमच्यासाठी तेच हलतं चित्र. परशुराम गंगावणे यांना २०२१ला पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. जाड कागद, चित्र, गंभीर गोष्ट. पेटीवाले, तुमचं ते कार्तोने इथेच सापडलं की नाही? फळ्यावर लिहा, 'जपानी चित्रकथा'.

निवृत्त मास्तर :
चित्रकथी म्हणजे सांगणारा माणूस, आणि ती कला. चित्रकथा म्हटलं की लोकांना पुस्तक वाटेल. घोटाळा वाढेल.

कुडाळकर :
वाढू दे. आणि हसायचं की रडायचं हा वाद तरी आपल्याकडे कुठून आला? कार्तिकानंतर जत्रेतला दशावतार पाहिलाय ना कोणी? आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग. काळ्या कपड्यातला संकासूर येतो, मालवणीत ब्रह्मदेवाची रेवडी उडवतो, म्हाताऱ्या हसून हसून खोकतात. मग मध्यरात्रीनंतर आख्यान, म्हणजे मुख्य कथा. राणी विलाप करते, त्याच म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावतात. त्यासाठी कोणी दोन वेगळ्या पाट्या लावत नाही. पाटी एकच, धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ. लोकांना ठाऊक असतं की रात्र मोठी आहे, दोन्ही होणार.

सड्यावरचा :
शंखासूर. संकासूर नव्हे. वेद चोरून शंखात लपला म्हणून शंखासूर.

कुडाळकर :
देवळासमोर उभं राहून 'शंखासूर' म्हणून बघा, कोण वळतंय. संकासूरच.

निवृत्त मास्तर :
इथे मात्र मी सड्यावरच्यांच्या बाजूने. ख हवाच.

सड्यावरचा :
मास्तर, व्यंग्यचा य आणि शंखाचा ख, तुमचं दप्तर भरत चाललंय. मी माघार घेतो, संकासूर चालेल.

पेटीवाला :
कुडाळकरांच्या पाटीवरून आठवलं. हा काजव्यांचा सिनेमा जपानात एप्रिल १९८८मध्ये एकटा नव्हता लागला. त्याच स्टुडिओचा, मियाझाकीचा 'माय नेबर टोटोरो' आणि हा, एकाच तिकिटात दोन्ही. एकीकडे पोटावर लोळता येईल असा केसाळ जंगलातला प्राणी, दुसरीकडे गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात बहिणीच्या अस्थी. आडदशावतार आणि आख्यान, दुसरं काय?

मुंबईत अडकलेली :
फक्त क्रम नीट लावला पाहिजे. आख्यान आधी लागलं तर मागाहून संकासूरही हसवणार नाही.
आणि माझ्या मते हसवणारं कार्टून हलकं असतं हेही खोटं. लक्ष्मणच्या कॉमन मॅनला कधी हसताना पाहिलंय? वर्षानुवर्षं नुसता बघत उभा. हसायचे आपण.

निवृत्त मास्तर :
लक्ष्मण यांचं ते खरं व्यंग्य. य सकट.

सड्यावरचा :
मला वेगळाच प्रश्न पडलाय. सिनेमाच्या नावाचं मराठी काय? 'काजव्यांचं थडगं' कानाला बरं नाही. आमच्याकडे मृगाच्या आधी ऐनाच्या झाडावर काजवे लखलखतात, त्याला थडगं जोडवत नाही.

कुडाळकर :
'काजव्यांची समाधी'?

निवृत्त मास्तर :
समाधी संतांची. काजव्यांची माती म्हणा. 'माती देणे' हा मराठी प्रयोग आहे.

मुंबईत अडकलेली :
'काजव्यांची माती'. मास्तर, पहिल्यांदाच तुमचं काहीतरी मनापासून आवडलं.

निवृत्त मास्तर :
पहिल्यांदाच?

खाडीकाठची :
मंडळी, उशीर झाला. तुमचं चाललेलं असताना आमच्या अध्यक्षांनी फळा स्वतःच लिहून टाकला. 'जपानी सिनेमा. लहान मुलांना आणू नये.' खाली दोन रेघा मारून.
सकाळपासून तिघांनी फोन करून दबक्या आवाजात विचारलंय, तसला आहे का. शनिवारी खुर्च्या कमी पडणार असं दिसतंय. कोणाकडे जास्तीच्या असतील तर कळवा.

सड्यावरचा :
माझ्याकडे दहा आहेत, प्लास्टिकच्या. पण शंखासूरच.