शब्दचर्चा : भुंगा की भुंगेरा?

प्रश्न (पैठण) : आमच्या सातवीच्या मुलांनी पावसाळाभर सापडलेल्या किड्यांची चित्रं काढली. बाभळीवरचा हिरवा चकचकीत, शेणाची गोळी ढकलणारा, दिव्यावर येऊन आपटणारा तपकिरी. प्रदर्शनाला 'भुंग्यांची दुनिया' नाव दिलं, तर एक पालक म्हणाले, भुंगा कमळातला, हे तर किडे. काय लिहावं?

उत्तर (परभणी) : ताई, पालकांचं बरोबर आहे. तुमच्या शेजारच्या आपेगावच्या ज्ञानोबांनी कोरडं लाकूड पोखरणारा, पण कोवळ्या कळीत अडकणारा भ्रमर सांगितलाय. तो मधमाशीचा भाऊबंद. मुलांनी काढलेत ते भुंगेरे. शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द आहेच : जमिनीत मुळं खाणारी अळी ती हुमणी, आणि वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात ते हुमणीचे भुंगेरे. 'ढालकिडा' मात्र नको, तो शब्द पिकावरची मावा कीड खाणाऱ्या लाल ठिपकेवाल्याकडे गेलाय.

एक सांगतो, बोलीत या सगळ्यांना मिळून नाव नाहीच. ज्वारीत सोंडे, उकिरड्यावर शेणकिडा, रात्री काजवा. होय, काजवाही भुंगेराच! जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जाती नोंदल्यात. काजव्याचं चित्र नसेल तर जरूर काढून घ्या.

प्रश्न (पैठण) : काजवा राहिलाच होता! अजून एक. एका मुलीनं हिरव्या भुंगेऱ्याचे गळालेले पंख कापडावर शिवलेत. खाली 'पंख' लिहू की 'कवच'?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : 'ढालपंख' लिहा. उडायचे पातळ पंख आत घडी घालून असतात, वरची जोडी कडक होऊन त्यांचं झाकण झालेली असते. म्हणून तर या गणाला 'ढालपंखी' म्हणतात. मुलीला सांगा, तिची कला जुनी आहे. जम्मूकडच्या बसोलीच्या चित्रकारांनी दागिन्यांतल्या पाचूच्या जागी ढालपंखांचे तुकडे चिकटवले. १८८८ साली लंडनला नटी एलेन टेरी शेक्सपिअरच्या नाटकात लेडी मॅकबेथ झाली, तेव्हा तिच्या झग्यावर सुमारे १००० ढालपंख टिकल्यांसारखे शिवले होते. ते आजही झळाळतात, कारण ती रंगद्रव्याची करामत नाही. पंखाच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, त्यातून हिरवं दिसतं. मला वाटतं, 'हिरवा रंग' न म्हणता 'हिरवी झळाळी' म्हणावं.

प्रश्नकर्ती (पैठण) : पाटी बदलली, 'भुंगेरे' लिहिलं. कापड उन्हात तिरकं धरलं तर हिरव्याचं निळं झालं. मुलीची आजी पैठणी विणायची. बघताक्षणी म्हणाली, "ही तर धूपछाव." पैठणीत ते उभ्या-आडव्या धाग्यांचे रंग वेगळे असल्यानं होतं, इथं कारण निराळं. पण चित्राखाली तिचाच शब्द लिहिलाय.