भारतीय क्लब पश्चिम आशियात का ढकललेत? (आणि प्रवासाला रडणं म्हणणाऱ्यांना उत्तर)

गंगापूररोड_विंगर
परवापासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय, तुमच्याकडेही आली असेल. त्यात म्हटलंय की एएफसीने (आशियाई फुटबॉल महासंघाने) पूर्व-पश्चिम अशी विभागणी बंद करावी, अख्ख्या आशियाचा एकच ड्रॉ काढावा, आणि शेवटी वर हे की रेआल माद्रिद अल्माटीला जाऊन खेळतं तर आपले क्लब प्रवासाच्या नावाने रडतात कशाला. दोन दिवस गप्प बसलो पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, युरोपात अल्माटी हा अपवाद आहे. कझाकस्तान २००२ मध्ये आशिया सोडून युएफात (युरोपच्या महासंघात) गेला म्हणून अल्माटीचा कैरात क्लब तिथे खेळतो. लिस्बन ते अल्माटी साधारण ६,९०० किमी होतं तर त्याची जगभर बातमी झाली. आपल्याकडे टोकियो ते जेद्दाह साडेनऊ हजार किमी आहे, सिडनी ते रियाध जवळपास १२,८०० किमी. २०१४ ला वेस्टर्न सिडनी वॉन्डरर्सने सौदीच्या अल हिलालला फायनलमध्ये हरवलं तेव्हा एक लेग सिडनीत आणि दुसरा रियाधला होता. फायनल म्हणून एकदा ते ठीक, पण हेच साखळीत दर पंधरवड्याला, मधे आपापल्या देशाची लीग चालू असताना करायला लावलं तर दहा-पंधरा खेळाडूंच्या जोरावर चालणारे क्लब मोडून पडतील. विभागणी पाहिजेच.

माझं भांडण वेगळं आहे. विभागणीत भारताला पश्चिमेत टाकलंय ते चूक आहे. २०१३ ते २०१६ आपण एएफसी कपात (आशियाच्या दुसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेत) पूर्वेच्या बाजूला खेळायचो हे किती जणांना आठवतं? २०१३ ला ईस्ट बंगालच्या गटात मलेशियाचा सेलांगोर, सिंगापूरचा टॅम्पिनीस आणि एक व्हिएतनामी क्लब होता, तिथून ते सेमीफायनलला गेले. २०१६ ला बेंगळुरूच्या गटात मलेशियाचा जोहोर होता, पुढे टॅम्पिनीसला काढलं, सेमीत त्याच जोहोरला घरी ३-१ ने हरवून फायनल गाठली. आपल्या क्लबांच्या अलीकडच्या दोन सर्वात मोठ्या वाटचाली पूर्वेकडून झाल्या आणि २०१७ पासून आपल्याला तिथून उचललं. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

सातपूर_सेकंडशिफ्ट
ईस्ट बंगालला सेमीत कोणी काढलं? कुवेत एससीने. बेंगळुरूला फायनलमध्ये कोणी हरवलं? इराकच्या अल कुवा अल जविया ने, १-० ने. म्हणजे पूर्वेतून आरामात वर आलो आणि पश्चिमेचा पहिला दणका बसला की संपलं. मग रोज त्यांच्याशीच खेळायला मिळतंय तर ते वाईट कसं? २०२२ ला मुंबई सिटीने रियाधमध्ये त्याच अल कुवा अल जवियाला २-१ ने हरवलं, आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीत भारतीय क्लबचा पहिला विजय, तो पश्चिमेतच झाला ना भाऊ. तुम्ही सोयीचं तेवढं उचललंय.

आणि २०१६ लाच मोहन बागान चीनच्या शानडाँगला जाऊन ६-० ने हरलं होतं, ते पूर्वेतच. ते पोस्टमध्ये नाही.

गंगापूररोड_विंगर
शानडाँग चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत होतं, पगाराच्या हिशोबाने दुसऱ्या जगातला क्लब. मी खालच्या स्पर्धेबद्दल बोलतोय, कारण आपली लायकी सध्या तिथलीच आहे. २०२४-२५ पासून सगळ्यात वरच्या चॅम्पियन्स लीग एलिटमध्ये आपल्याला थेट जागाच नाही.

आणि २०१७ नंतर आपल्याला एएफसी कपात दक्षिण विभाग करून दिला, मालदीव, बांगलादेश आणि आपण. गट सोपा, घरबसल्या पहिले. मग २०२१ ला मोहन बागान विभागाबाहेर पडून उझबेकिस्तानात कार्शीला नसाफकडे गेलं आणि ०-६. २०२२ ला घरच्या मैदानावर क्वालालंपूर सिटीकडून १-३. बरोबरीच्या टीमशी वर्षभर खेळलेच नाहीत तर त्या एका रात्री काय होणार? पूर्वेत थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम, सिंगापूर, इंडोनेशिया आहेत. आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वर, पण दिसतील इतक्याच वर.

देवळालीकॅम्प_जुनाहाफ
मी वयाने मोठा आहे म्हणून थोडं बोलतो. आमच्या वेळी एवढ्या स्पर्धाच टीव्हीवर दिसत नव्हत्या. विंगर म्हणतो त्यात तथ्य आहे पण अंतराचा हिशोब त्याने केलाच नाही. आपण महाराष्ट्रात बसून बोलतोय. मुंबईहून दुबई गुवाहाटीपेक्षा जवळ आहे. मुंबईचा क्लब आयएसएलसाठी गुवाहाटीला जातो तर दुबईला जाणं त्याला जड नाही. विमानं भरपूर, आपली माणसं तिथे हजारोंनी, स्टेडियममध्ये मराठी ऐकू येतं. पूर्व पूर्व म्हणणाऱ्याला कोलकाता डोळ्यासमोर असतं. कोलकात्याहून बँकॉक सोळाशे किमी, रियाध बेचाळीसशेच्या आसपास. त्यांना पूर्व सोयीची. मुंबई-गोव्याला नाही.

गंगापूररोड_विंगर
काका, हिशोब केलाय. मुंबई-रियाध पावणेतीन हजार, मुंबई-बँकॉक तीन हजार. फरक अडीचशे किमीचा. आणि पश्चिम म्हणजे फक्त दुबई-दोहा असतं तर मी गप्प बसलो असतो. पश्चिमेत उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान, इराणही येतात. २०२३ ला मुंबई सिटीला उझबेकिस्तानच्या नवबहोरशी खेळायला नमंगानला जावं लागलं. एफसी गोवाच्या गटात २०२५ ला दुशांबेचा इस्तिकलोल. नकाशावर दुशांबे मुंबईहून बावीसशे किमी दिसतं, पण एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, म्हणजे वळसा घाला नाहीतर आखातात विमान बदला. सरळ रेषेचं अंतर टीमच्या काय कामाचं?

सिन्नरकरीण
इराणचा विषय कोणीच नीट काढत नाहीये. २०२४ ला मोहन बागान तबरीझला गेलं नाही, स्पर्धेतून बाहेर. २०२५ ला सेपाहानशी इस्फहानला गेलं नाही, परत बाहेर. खेळाडू म्हणाले जीवाची भीती वाटते. त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. स्वतः ऑफिसला जाताना द्वारका चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालतात आणि दुसऱ्याने युद्धाच्या बातम्या चालू असताना तिथे जावं म्हणतात. सौदी आणि इराणचे संबंध तुटले तेव्हा २०१६ पासून कित्येक वर्षं त्यांचे सामने त्रयस्थ ठिकाणी झालेच की. तेव्हा चाललं, मग आपल्यासाठी का नाही?

सातपूर_सेकंडशिफ्ट
ताई, त्रयस्थ मैदान दोन देशांच्या राजनैतिक भांडणामुळे होतं. मोहन बागानचं तसं नव्हतं. मुंबई सिटी इराणी क्लबाबरोबर एका गटात होती तेव्हा रडली नाही. ज्या गटात नाव घातलंय तिथे जायचं, नाहीतर नाव घालू नका. दोन वर्षं लागोपाठ अर्ध्यात सोडून भारताचे गुण बुडवले, त्याची किंमत गोव्यापासून सगळ्यांनी मोजायची.

सिन्नरकरीण
तुमच्या घरातलं कोणी त्या विमानात बसणार असतं तर हेच लिहिलं असतंत का, एवढंच सांगा.

सातपूर_सेकंडशिफ्ट
माझा मेहुणा सात वर्षं बसऱ्याला कामाला होता. हो, हेच लिहिलं असतं.

पेठेतला_गोली
मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या नोकरीमुळे सिडकोत. तुम्ही ताश्कंद-दुशांबे करताय पण नाशिकच्या माणसाला या स्पर्धा बघायच्या असतील तर काय करावं लागतं ते बोला. २०२३ ला मुंबई सिटीचं अंधेरीचं मैदान एएफसीला चाललं नाही, म्हणून 'होम' मॅच पुण्यात, बालेवाडीला. इराणच्या नस्साजीविरुद्धची १८ सप्टेंबरला सोमवारी रात्री, दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. आम्ही मित्र गाडी काढून निघालो. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा ठीक. राजगुरुनगरच्या पुढे जे अडकलो ते चाकणला तासन्‌तास. गणपतीला गावी निघालेली माणसं, कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, कंटेनर. स्टेडियममध्ये पोचलो तेव्हा दुसरा हाफ चालू होता. ०-२ हरलो. स्टँड निम्मे रिकामे. आमच्या शाहू स्टेडियमवर दोन तालमींची मॅच असेल तर याच्या कितीतरी पट गर्दी असते.

नाशिकरोड_पंचवटी
चाकणचं नाव काढू नका रक्त उसळतं. नाशिक-पुणे थेट रेल्वे लाईन नाही, आजही कल्याणवरून नाहीतर मनमाड-दौंडवरून फिरून जा. सेमी हायस्पीडचं किती वर्षं ऐकतोय, आधी जमिनी घेणार होते, मग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला त्रास होईल म्हणून मार्ग अडला, मग शिर्डीवरून न्यायचं म्हणाले. शिर्डीवरून नेलं तर संगमनेर, नारायणगाव, मंचरच्या लोकांनी काय करायचं? आणि नाशिककर पुण्याला जाणार की आधी साईबाबांना?

सिन्नरकरीण
सिन्नरच्या लोकांच्या जमिनी या प्रकल्पात मोजून झाल्यात. आता मार्गच बदलणार म्हटल्यावर ना विकता येत ना त्यावर काही करता येत. माझ्या माहेरचं शेत त्यात आहे.

देवळालीकॅम्प_जुनाहाफ
दुर्बीण महत्त्वाची आहे, तिला दोष देऊ नका. जगातले शास्त्रज्ञ तिथे येतात. मार्ग आखतानाच ती तिथे आहे हे माहीत होतं ना सगळ्यांना?

नाशिकरोड_पंचवटी
काका दुर्बिणीला कोण दोष देतंय, मी आखणाऱ्यांना देतोय. कुंभ २०२७ साठी रस्त्यांवर पैसा ओततायत, त्यात एक धड रेल्वे लाईन झाली असती.

सातपूर_सेकंडशिफ्ट
धागा फुटबॉलचा आहे. रेल्वेसाठी वेगळा काढा.

पेठेतला_गोली
नाही, हे फुटबॉलचंच आहे. विंगर म्हणतो क्लबाला प्रवास झेपत नाही, मी म्हणतो प्रेक्षकाला झेपत नाही आणि त्याचा विचार एएफसी करत नाही, क्लबही करत नाही. एलिटची विभागणी केली, चांगलं केलं. मग क्वार्टर फायनलपासून सगळं एका गावात नेलं. २०२५ ला आठही टीम जेद्दाहला. कोरियाचं ग्वांगजू तिथे अल हिलालकडून ७-० ने हरलं, थायलंडचं बुरीराम सौदीच्याच अल अहलीकडून ३-०. बघणारे सगळे त्यांचेच. जपानचं कावासाकी फायनलपर्यंत पोचलं हेच मोठं, तिथे अल अहलीकडून ०-२. प्रवास वाचवायचा म्हणून एका शहरात नेलं म्हणतात, पण वाचला कोणाचा? सौदी क्लबांचा. कोरियाच्या माणसाने आपली टीम क्वार्टर फायनलला घरी बघायचीच नाही का?

गंगापूररोड_विंगर
गोलीच्या या मुद्द्याला शंभर टक्के पाठिंबा. विभागणी करायचीच तर शेवटपर्यंत घर-बाहेर ठेवा, फायनलही दोन लेगची.

सातपूर_सेकंडशिफ्ट
आणि लगेच पुढच्या ओळीत वॉन्डरर्स १२,८०० किमी गेले म्हणून गळा काढाल. एकतर प्रवास जास्त आहे म्हणा नाहीतर दोन लेग पाहिजेत म्हणा.

गंगापूररोड_विंगर
फायनल म्हणून एकदा ते ठीक, हे मी वर लिहिलंय. वाचा तरी. साखळीत सहा-आठ वेळा उडणं आणि बाद फेरीत एकदोनदा उडणं यात फरक आहे.

सातपूर_सेकंडशिफ्ट
वाचलंय. तो फरक मान्य. पण मग पूर्वेची हौस कशाला? २०१५ ला बेंगळुरूच्या गटात पर्सिपुरा जयापुरा होतं. जयापुरा कुठे आहे बघा, पापुआमध्ये, पुढे पॅसिफिक सुरू होतो. बेंगळुरूहून नमंगान त्यापेक्षा शंभर वेळा परवडलं.

देवळालीकॅम्प_जुनाहाफ
हे मात्र खरं आहे विंगर. पूर्व म्हटल्यावर फक्त बँकॉक धरून चालत नाही, ऑस्ट्रेलियाही २००६ पासून त्यातच आहे.

गंगापूररोड_विंगर
जयापुरा दूर आहे, ते नाकारत नाही. म्हणूनच खालच्या स्पर्धेत पूर्वेचेही दोन तुकडे करा, आसियान आणि दक्षिण आशिया एकत्र, बाकी वेगळे. कोलकाता, ढाका, बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर, मुंबई. सगळीकडे थेट विमानं, हवामान सारखं, क्लबांचं बजेट जवळपास सारखं. सौदीचं अल नस्र २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याला आलं तेव्हा रोनाल्डो आला नाही, तरी गोव्याने झुंज देऊन १-२ केलं, मलाही अभिमान वाटला. पण त्यांची दुसरी फळी येते आणि आपण १-२ ला शाबासकी घेतो. बुरीराम आलं असतं तर जिंकायला खेळलो असतो.

सातपूर_सेकंडशिफ्ट
बुरीराम एलिटच्या क्वार्टर फायनलला जातं आणि तुम्ही त्याला बरोबरीचं म्हणताय. असो, आसियान-दक्षिण गटाची कल्पना वाईट नाही एवढं म्हणतो. पण ती अरबांचा पैसा असलेल्या एएफसीला कोण विकणार? पश्चिमेत भारत म्हणजे त्यांना टीव्हीचे प्रेक्षक. सोडतील का?

पेठेतला_गोली
आणि समजा झाली. बुरीराम मुंबईला आलं. मॅच कुठे ठेवणार? ६ नोव्हेंबर २०२३ ला अल हिलाल आलं तेव्हा डी. वाय. पाटीलला ठेवली होती. नेमार जखमी म्हणून आला नाही, तरी लोक आले, कारण नेरुळला लोकल आहे. आम्ही रात्री सानपाड्याहून मिळेल ती गाडी पकडून कसारा घाट चढून पहाटे घरी आलो, पण मॅच पूर्ण बघितली. पूर्व असो की पश्चिम, आधी ठरवा, मॅच बालेवाडी की नेरुळ.

नाशिकरोड_पंचवटी
नेरुळ. बालेवाडी म्हणणाऱ्याने एकदा शुक्रवारी संध्याकाळी नाशिक फाट्यावरून निघून दाखवावं.

सिन्नरकरीण
पुण्याच्या लोकांनाही बघू द्या की कधीतरी. सगळं मुंबईलाच का?

गंगापूररोड_विंगर
ताई, त्यांच्याकडे मैदान आहे, त्यांनी स्वतःचा क्लब उभा करावा. पुण्यातून एक क्लब हैदराबादला गेला तेव्हा कोणी रस्त्यावर उतरलं नाही. आपल्या नाशिकला तर एएफसीच्या मॅचचं सोडा, जिल्हा लीग भरवायला धड गवत असलेलं मैदान मागितलं तरी क्रिकेटच्या तारखा दाखवतात.