मदत हवी आहे: अपडेट अर्धवट राहिलं, विंडोज उघडेना. रिकव्हरी पेन ड्राईव्हवरून फक्त सिस्टिम फाइली परत आणता येतील का?

नमस्कार. खानापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. परवा संध्याकाळी वळीव आला आणि लाईट गेली. नेमकं तेव्हाच विंडोज १० चं अपडेट चालू होतं. यूपीएसची बॅटरी जुनी, दोन मिनिटंसुद्धा टिकली नाही. तेव्हापासून सुरू केलं की ठिपके गोल फिरतात, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर'चा निळा पडदा येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. एक १६ जीबीचा पेन ड्राईव्ह, विंडोजमधूनच बनवलेला रिकव्हरी ड्राईव्ह. दुसरी बाहेरची हार्ड डिस्क, तिच्यावर मार्च २०२४ मध्ये घेतलेली अख्ख्या सिस्टिमची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत. पेन ड्राईव्हवरून मशीन उघडतं, पण 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राईव्ह' निवडलं की तुमच्या फाइली आणि प्रोग्रॅम काढले जातील अशी सूचना येते. तिथंच हात थांबला. इमेजचा पर्याय घेतला तर इमेज सापडली नाही म्हणतं, आणि ती हार्ड डिस्कवर आहे हे मी दुसऱ्या मशीनवर डोळ्यांनी बघितलंय. 'बॅकअप जुना' नावाच्या फोल्डरात ठेवलीय.

बेळगावला खडेबाजारात एकांना दाखवलं, ते म्हणाले फॉरमॅट मारून देतो. ते मला नको. आमच्याकडं पत्रिका बऱ्याचदा दोन भाषांत असते, मुलाकडची बाजू मराठीत, मुलीकडची कन्नडात. त्या सगळ्या जुन्या फाँटात केलेल्या, युनिकोडमध्ये नाहीत. त्या फाँटांचा प्रोग्रॅम गेला तर फाइल उघडूनही नुसती अगम्य अक्षरं दिसतात.

आणि दुसरं, जास्त जीवाला लागलेलं. सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या शेजारी बसून मी २१४ ओव्या टाइप केल्या. सासूबाई आता नाहीत. ओव्यांची फाइल डेस्कटॉपवर आहे आणि इमेज त्याच्या आधीची. माझीच हयगय. काहीही करायच्या आधी ती फाइल बाहेर कशी काढू, एवढं कृपया कुणीतरी सांगा.

निपाणीकर:
ताई, आधी काहीही रिस्टोअर करू नका. इमेज टाकली तर ड्राईव्ह पूर्ण मार्च २०२४ मध्ये जाईल, ओव्यांसकट पुढचं सगळं जाईल.

पेन ड्राईव्हवरून उघडून ट्रबलशूटमध्ये कमांड प्रॉम्प्ट घ्या आणि 'नोटपॅड' टाइप करा. त्यातल्या फाइल, ओपनमध्ये 'ऑल फाइल्स' निवडलं की सगळे ड्राईव्ह दिसतात. तिथं फोल्डरवर राईट क्लिक करून कॉपी, आणि दुसऱ्या पेन ड्राईव्हवर पेस्ट. कॉपी होताना कसलीच पट्टी दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते. बंद करू नका, थांबा. इथं ड्राईव्हची अक्षरं बदललेली असतात, तुमचा सी बहुतेक डी म्हणून दिसेल.

फाइली हातात आल्यावर अर्धवट अपडेट मागे घ्या. ट्रबलशूटमध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, ते आधी करून बघा. नाही जमलं तर डिझम ही विंडोज दुरुस्तीची कमांड, तिच्यात 'इमेज' म्हणून (मार्चची इमेज नव्हे) तुमचा विंडोजचा ड्राईव्ह द्यायचा आणि पुढे क्लीनअप-इमेज, रिव्हर्ट-पेंडिंग-अ‍ॅक्शन्स. त्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ, ही सिस्टिम फाइली तपासायची कमांड. पण पेन ड्राईव्हवरून चालवताना ऑफ-बूट-डिर आणि ऑफ-विन-डिर हे दोन्ही लिहावे लागतात, नाहीतर कोणतं विंडोज तपासायचं ते त्याला कळत नाही. एसएफसी बिघडलेल्या फाइली तुमच्याच विंडोजमधल्या साठ्यातून बदलते, घरच्या फाइलींना हात लावत नाही.

मार्चच्या इमेजमधून एकेक सिस्टिम फाइल उचलून टाकायच्या भानगडीत पडू नका. वर्षभराच्या अपडेटनी त्या बदलल्यात, मेळ बसणार नाही. इमेज सापडत नाही कारण 'विंडोजइमेजबॅकअप' हे फोल्डर थेट ड्राईव्हच्या तोंडाशी लागतं, दुसऱ्या फोल्डरात चालत नाही.

धागाकर्ती:
दादा, ओव्या मिळाल्या! वीस मिनिटं खिडकी तशीच होती, तुम्ही सांगितलं नसतं तर मी बंद केली असती. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून शेवटच्या ओवीपर्यंत वाचली. अनइन्स्टॉल अपडेट्सनं झालं नाही, डिझमनं झालं. एसएफसीनं काही फाइली दुरुस्त केल्या म्हणून सांगितलं आणि मशीन उघडलं. फाँट जसेच्या तसे आहेत. शुक्रवारची पत्रिका आता लावते.

एक शंका. नवी इमेज त्याच हार्ड डिस्कवर घेतली तर मार्चची पुसली जाईल का?

निपाणीकर:
धोका नको, जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा आणि मग नवी घ्या. पुढे जुनी वापरायची वेळ आली तर मूळ नाव परत द्यायचं आणि फोल्डर ड्राईव्हच्या तोंडाशी ठेवायचं. ओव्या मात्र इमेजच्या भरवशावर ठेवू नका, आजच दुसऱ्या पेन ड्राईव्हवर आणि मेलवर टाका. आणि यूपीएसची बॅटरी बदला, वळीव अजून दीड महिना आहे.