फेबियस: नुसता वेळकाढू?

कट्टेकरी: रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत गावं जाळतोय आणि इ.स.पू. 217 मध्ये रोमनं संकटापुरता हुकूमशहा नेमलेला फेबियस डोंगरांवरून नुसता बघतोय. लोक त्याला 'चालढकल्या' म्हणाले, काय चुकलं? मला तरी असा साहेब नको.

जुनी वही: अहो, पुढच्याच वर्षी इटलीतल्या कॅनी गावापाशी रोमन हॅनिबलला समोरासमोर भिडले आणि बहुतेक सगळं सैन्य कापलं गेलं. मग तीच चालढकल परत आली! गनिमी कावा ऐकत वाढलेल्यांना हे खटकू नये. मला मात्र वेगळीच गोष्ट भावते. हॅनिबलनं मुद्दाम फक्त फेबियसचं शेत जाळायचं सोडलं, लोकांना संशय यावा म्हणून. हॅनिबलकडचे रोमन कैदी सोडवायला सिनेट पैसे देईना, तेव्हा, रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, फेबियसनं त्यासाठी तेच शेत विकून टाकलं.

निवृत्त मास्तर: इ.स.पू. 213 ला फेबियसचा मुलगा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी झाला. म्हातारा त्याच्यापुढे घोड्यावरूनच आला, तर पोरानं शिपायाकरवी खाली उतरवलं. बाप खूश! तुला पदाची जाणीव आहे का, तेच बघत होतो म्हणाला.

कट्टेकरी: शेताचं ठाऊक नव्हतं. पण ज्यांची जळली, त्या शेतकऱ्यांचं काय?