अ‍ॅव्हरेज १७ वरून १३ वर, पाणी कुठे मुरतंय?

रामबागकर: २०१६ ची पेट्रोल गाडी, ८२,००० किमी. पीथमपूरला नोकरी होती तोवर रोज जाऊन-येऊन ६० किमी व्हायचे आणि अ‍ॅव्हरेज १७ च्या खाली कधी उतरलं नाही. मार्चमध्ये रिटायर झालो. आता नातीला शाळेत सोडायचं, येताना भाजी, संध्याकाळी राजवाडा, एवढंच. अ‍ॅव्हरेज थेट १३! मेकॅनिकने एअर फिल्टर आणि प्लग बदलले, २,६०० गेले, फरक शून्य. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतंय का हे? पेन्शनीत फार खुपतं.

पलासिया: इथेनॉलच. आमचंही तेच रडगाणं.

वहीवाली: काका, सगळं इथेनॉलच्या माथी मारू नका. त्याच्यात पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं तर निव्वळ पेट्रोलपेक्षा ७ टक्क्यांच्या आसपास घट. १७ चे पावणेसोळा होतील, १३ नाही. शिवाय आधी १० टक्के होतंच की.

गाडी तीच आहे, तुमचा रस्ता बदललाय. शाळा किती लांब? दोन-तीन किमीत इंजिन तापतच नाही, आणि थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. तापेपर्यंत तुम्ही चावी काढता. मी गाडीत वही ठेवते. देवासला जाणं-येणं झालं की टाकी १८ देते, नुसती गावातल्या गावात सराफा-छावणी केली की १४. गाडी एकच, पंपही एकच.

फिल्टरचं म्हणाल तर इंजेक्शनच्या गाडीत येणारी हवा मोजूनच पेट्रोल सोडलं जातं. फिल्टर तुंबला तर पिकअप मरतं, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही.

आधी नीट मोजा. टाकी फुल, नोझल पहिल्यांदा कट झाली की बस. पंपावरचा मुलगा पाचशे-हजारचा आकडा जुळवायला अजून दाबतो, तिथे त्याला थांबवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरा.

महूकर: काका, दहा-बारा किमी फिरवून, शेवटी ब्रेक कमीत कमी लावून थांबा आणि चारही रिम्सजवळ हात न्या. टेकवू नका, भाजेल. एखादी जास्त गरम लागली तर तिथला ब्रेक चिकटतोय. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. आकडा दरवाज्याच्या स्टिकरवर असतो.

रामबागकर: ताई, दादा, मनापासून आभार. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली, बाकी तिन्ही कोमट. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, ४०० रुपयांत सुटली. हवा ३३ हवी होती, निघाली २४. शाळा मोजली, २.३ किमी. उद्यापासून नातीला घेऊन पायी निघतोय, ती तर उड्याच मारतेय.

वहीही आणली. पहिली नोंद: ४१२ किमी, २८.२ लिटर, १४.६.